मुलाला आधार द्या, त्याच्या कर्जात सही देऊ नका

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी त्याचा गोषवारा देतो. आपण ६६ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहात. जुळे सोलापुरात स्वतःचे घर आहे, निवृत्तिवेतन दरमहा ३८ हजार रुपये आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आणि बँकेच्या मुदत ठेवीत ४ लाख रुपये आहेत, शिवाय पत्नीचे दहा तोळे सोने आहे. ३४ वर्षांचा मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षे कागदपत्रांचे काम पाहत होता. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेल्यानंतर कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या आणि दिवाळीनंतर त्याची नोकरी गेली. त्याच्यावर ४ लाख ६० हजारांचे वैयक्तिक कर्ज, दोन क्रेडिट कार्डांचे १ लाख ८५ हजार, मोबाइल ॲपवरून घेतलेले ४० हजार आणि मोटारसायकलचे ७० हजार, असे एकूण ७ लाख ५५ हजारांचे देणे आहे. बचत योजनेची ठेव मोडून हे सगळे एकदाच फेडावे, असे पत्नीचे म्हणणे आहे. घर तारण ठेवून आपल्या सहीने ८ लाखांचे नवे कर्ज घ्यावे, असे मुलगा सुचवतो आहे. या दोहोंतले काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की यांपैकी काहीही करू नये. मुलाला मदत मात्र जरूर करावी, आणि ती आजपासूनच करावी. त्याच्या घरात चूल पेटती ठेवणे आणि त्याचे कर्ज आपल्या अंगावर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या ऐपतीत बसते, दुसरी बसत नाही.

घरावरील कर्जाचा प्रस्ताव आधी पाहू, कारण तो सर्वांत घातक आहे. आपण लिहिलेल्या १३ टक्के दराने दहा वर्षांसाठी ८ लाख घेतले तर हप्ता सुमारे ११,९५० रुपये येतो आणि एकूण फेड १४ लाख ३० हजारांच्या पुढे जाते. शेवटचा हप्ता भरताना आपण ७६ वर्षांचे असाल. आज जे देणे केवळ मुलाचे आहे, ज्यासाठी कोणतीही बँक आपल्या दारात हक्काने उभी राहू शकत नाही, ते या एका सहीने आपले होईल आणि त्यामागे राहते घर बांधले जाईल. सहकर्जदार तर कर्जदारच असतो. "मी नुसता जामीनदार आहे" असे म्हणूनही सुटका होत नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सज्ञान मुलाचे विनातारण कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी वडिलांवर नसते. हे संरक्षण आपल्याकडे आहे, ते आपण होऊन सोडू नये.

पत्नीच्या सूचनेमागची तळमळ मला समजते, आणि केवळ व्याजदर मांडले तर तिच्यात तथ्यही दिसते. ८.२ टक्के मिळवणारी ठेव राखायची आणि १५ टक्क्यांचे कर्ज चालू द्यायचे, हा हिशेब वरवर उलटाच वाटतो. परंतु या योजनेच्या खात्यातून थोडी थोडी रक्कम काढता येत नाही, संपूर्ण खाते बंद करावे लागते. आपले खाते २०२३ चे आहे, म्हणजे दोन वर्षे उलटून गेल्यामुळे १ टक्का, अर्थात १५ हजार रुपये, कापले जातील. कर्ज फेडून ७ लाख ३० हजार उरतील. ते पुन्हा याच दराने गुंतवले गेले असे धरले तरी आज दरमहा पडणारे १०,२५० रुपये व्याज सुमारे ५ हजारांवर येईल, आणि ही घट एकदोन वर्षांची नसून कायमची असेल. याहून महत्त्वाचा विचार पत्नीचाच आहे. आपले निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्क्यांवर बेतलेले आहे, तर आपल्या पश्चात त्यांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने ३० टक्क्यांवर असेल. ती दरी भरून काढणारी आपल्या घरातली एकमेव गोष्ट म्हणजे ही ठेव. मुलगा चौतिशीचा आहे, त्याला कमवायला पंचवीस वर्षे आहेत. आपल्या पत्नीला हे १५ लाख पुन्हा जमवण्याचा मार्ग नाही. म्हणून मी ही रक्कम मुलाच्या कर्जासाठी उपलब्धच नाही असे समजून पुढचा हिशेब करतो.

आपल्या पत्रात मुलाच्या स्वतःच्या पैशांचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, पण खरा मार्ग तिथेच आहे. त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात ३ लाख १० हजार रुपये आहेत. नोकरी गेलेल्या सदस्याला त्यातले ७५ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ३२ हजार, काढता येतात, आणि सलग पाच वर्षांहून अधिक नोकरी झाल्यामुळे त्यावर प्राप्तिकर लागणार नाही. निवृत्तीची पुंजी मोडण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. इथे देतो, कारण कार्डाचे व्याज तिच्या कितीतरी पटीने जास्त आहे. दुसरी रक्कम ग्रॅच्युइटीची आहे, आणि तिचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही. पाच वर्षांपुढे नोकरी झाली की ती मागणे हा कामगाराचा हक्क आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे, असे तिचे सूत्र आहे. पगारपत्रकावर मूळ वेतन २० हजार आहे आणि नोकरी नऊ वर्षांची, म्हणजे ही रक्कम सुमारे १ लाख ४ हजार होते. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. कारखाना अडचणीत आहे म्हणून संकोच करू नये, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जावे.

आता हा पैसा कुठे वळवायचा ते पाहू. आपण सोबत पाठवलेल्या एका कार्डाच्या स्टेटमेंटवर खाली बारीक अक्षरात दरमहा साडेतीन टक्के व्याज छापलेले आहे. दोन्ही कार्डांना हाच दर धरला तर १ लाख ८५ हजारांवर महिन्याला ६,४७५ रुपये व्याज होते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवला की आकडा ७,६४० वर जातो. आपल्या १५ लाखांच्या ठेवीचे महिन्याचे व्याज १०,२५० आहे. त्याचा तीन चतुर्थांश भाग गिळेल इतके व्याज ही दोन कार्डे लावत आहेत. 'किमान देय रक्कम' भरत राहिल्याने मुलाला आपण कर्ज फेडतो आहोत असे वाटत होते, प्रत्यक्षात त्यातला बहुतांश पैसा व्याजातच जात होता. म्हणून निर्वाह निधीची रक्कम हाती येताच दोन्ही कार्डे आणि ॲपचे कर्ज पूर्ण फेडावे. ही बेरीज २ लाख २५ हजार आहे, म्हणजे ती त्या रकमेत बसते. तोवर व्याज चढू नये म्हणून आपण आपल्या मुदत ठेवीवर बँकेकडून तात्पुरते कर्ज काढून हे देणे भागवावे, आणि निधीचे पैसे आले की मुलाने ते थेट बँकेत भरावेत. ठेव मोडावी लागत नाही, आणि अशा कर्जाचा दर ठेवीच्या दराहून साधारण एकदोन टक्केच जास्त असतो. पैसे मुलाच्या हाती रोख न देता थेट कार्डाच्या आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरावेत, 'देणे बाकी नाही' असा दाखला घ्यावा आणि कार्डे बंद करण्याची लेखी विनंती करावी. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने भाग आहे.

वैयक्तिक कर्जाचा १४,२०० रुपयांचा हप्ता ग्रॅच्युइटीतून भरावा. ती रक्कम सात महिने पुरेल, आणि हे सात महिने म्हणजेच त्याला काम शोधण्यासाठी मिळालेली मुदत आहे. मोटारसायकल विकून तिचे कर्ज मिटवावे. आपली स्कूटर घरात आहेच.

आपण स्वतः द्यायची मदत यानंतर येते, आणि ती लहान नाही. विजापूर रोडवरचा भाड्याचा फ्लॅट सोडून मुलगा, सून आणि नात यांनी आपल्याकडे राहायला यावे. साडेआठ हजार भाडे तिथेच वाचते. आपले मासिक उत्पन्न ४८,२५० आणि खर्च २७ हजार आहे. तिघांचे जेवणखाण आणि नातीची शाळा यांसाठी १२ हजार धरले तर नऊ हजारांच्या आसपास उरतात. यातून कर्जाचा हप्ता निघत नाही, हे मुलालाही आकडे दाखवून सांगावे, म्हणजे नकार मायेचा अभाव वाटणार नाही.

उरलेल्या नऊ हजारांवर पहिला हक्क आरोग्य विम्याचा आहे. मुलाच्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आपण उभयता होता, असे आपण ओघात लिहिले आहे. ते संरक्षण नोकरीबरोबर गेले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोठा धोका हा आहे, कर्जाहूनही मोठा, कारण एका शस्त्रक्रियेत मुदत ठेव संपू शकते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, याची चौकशी मुलाने या आठवड्यातच करावी, कारण तसे जमले तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाचा, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून न मिळणाऱ्या सुरुवातीच्या काळाचा, लाभ टिकतो. या वयात हप्ता जड असतो, तरी तो भरावा. रेशनकार्डाच्या आधारे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नावे आहेत का, हेही पाहून ठेवावे. चार लाखांची ठेव आजारपणासाठीच राखावी.

हे सगळे गणित आपल्याला सांगितलेले आकडे खरे आहेत असे धरून आहे. नोकरी गेलेला माणूस लाजेपोटी सगळे देणे एकदम सांगत नाही, हे मी या व्यवसायात नेहमी पाहतो, आणि त्यात त्याचा दुष्टावा नसतो. क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मुलाने तो काढावा आणि सूनबाईंसह सर्वांनी एकत्र बसून वाचावा. अहवालात न दिसणारी देणी वेगळी विचारावीत: मित्रांकडून हातउसने, भिशी उचलली असेल तर तिचे उरलेले हप्ते, पतसंस्थेत दुसऱ्यासाठी दिलेला जामीन, आणि सावकार. शेकडा पाच रुपयांनी घेतलेले पैसे म्हणजे वर्षाला ६० टक्के व्याज. असे देणे निघाले तर ते कार्डाच्याही आधी मिटवावे, आणि सावकार विनापरवाना असून धमकावत असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

आपल्याला वसुलीचे फोन येतात, कारण ॲपवर मुलाने ओळखीची व्यक्ती म्हणून आपला क्रमांक दिला होता. ओळख देणारा माणूस देणेकरी होत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही आणि कर्जदाराच्या घरच्यांना त्रास देता येत नाही. "मी कर्जदार नाही, जामीनदारही नाही" एवढेच शांतपणे सांगावे आणि फोनची तारीख व वेळ लिहून ठेवावी. संस्थेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उपाय झाला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दहा तोळे सोने पत्नीचे आहे, ते स्त्रीधन आहे. त्याबद्दलचा निर्णय फक्त त्यांचा. आज त्याला हात लावण्याची गरज मला दिसत नाही. बार्शीला दिलेल्या कन्येपासून हे लपवू नये, असेही मनापासून सुचवतो. मुलासाठी काय करत आहात आणि काय करत नाही, ते तिला आताच सांगावे. पुढे एखादी रक्कम मुलाला द्यावी लागली तर ती बँकेतून द्यावी, वहीत नोंदवावी आणि मृत्युपत्रात तिचा विचार व्हावा. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, त्यामुळे ती दडवण्याचे कारणच नाही. घर मात्र कोणाच्याही आग्रहाने हयातीत कोणाच्या नावे करू नये.

राहिला कामाचा प्रश्न. मुलाला शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, लेटर ऑफ क्रेडिट यांतले बारकावे येतात, आणि हे काम टॉवेलपुरते नसते. सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूर भागातली द्राक्षे बाहेर पाठवणाऱ्यांना, तसेच पुण्या-मुंबईच्या कस्टम्स दलालांना हीच माणसे लागतात. पहिल्या दोन महिन्यांत जुन्या पगाराच्या जवळपासचे काम पाहावे, तिसऱ्या महिन्यापासून वीस हजारांचेही स्वीकारावे. शुल्क कमी झाले तरी त्याच कारखान्याच्या बोलावण्याची वाट पाहत बसू नये, कारण गेलेला ग्राहक परत यायला वेळ लागतो.

चौथा महिना संपेपर्यंत काहीच हाती लागले नाही, तर सातव्या महिन्याची वाट न पाहता मुलाने स्वतः बँकेच्या शाखेत जावे. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (एनपीए), ठरते आणि मग बोलणी अवघड होतात. नियमित खातेदाराचा अर्ज बँक अधिक मोकळेपणाने ऐकते. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी लेखी द्यावी. आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली तर हप्ता ११ हजारांच्या खाली येतो. नोकरी गेल्याचे पत्र आणि तोवर वेळेवर भरलेल्या हप्त्यांचा उतारा सोबत जोडावा. त्या वेळी बँकेने आपली जामीनदार म्हणून सही मागितली, तरी माझे उत्तर आजचेच राहील.