डिलीट केलं, म्हणजे पुसलं गेलं का?

प्रश्न : माझा २०१६ चा लॅपटॉप एका विद्यार्थिनीला विकायचा आहे. विंडोज १० आहे, आत साधी हार्ड डिस्क. बँकेची कागदपत्रं, आईचे वैद्यकीय रिपोर्ट, फोटो सगळं डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा केला. एवढं पुरे का? विंडोजची सीडी कधीच नव्हती. सगळं पुसलं तर विंडोज परत कसं येणार?

उत्तर : नाही, एवढं पुरेसं नाही. आणखी काही करण्याआधी मला सांगा, त्या फोटोंची प्रत दुसरीकडे आहे ना? नसेल तर आत्ता थांबा आणि तो लॅपटॉप वापरूही नका. डिलीट केल्यावर फाइल जागच्या जागीच राहते, फक्त तिची नोंद जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअर ती परत काढू शकतं. आज तुमच्यासाठी हे वरदान आहे, उद्या लॅपटॉप परक्या हातात गेला की धोका.

प्रत असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. हे मी कळवळून सांगते आहे. वडिलांचा लॅपटॉप देऊन टाकताना मी डेस्कटॉपवरचं ‘रेकॉर्डिंग’ पेनड्राइव्हवर घेतलं, नाव दिसलं म्हणून निर्धास्त झाले आणि डिस्क पुसली. आलेला होता नुसता शॉर्टकट, म्हणजे मूळ फोल्डरकडे नेणारा दुवा. त्यांच्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंग गेली ती गेलीच. म्हणून चार-पाच फोटो उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा.

पुसण्याबाबत लोक किती गाफील असतात, हे सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं. त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२.

आता कृती. चार्जर लावून ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, मग ‘रिकव्हरी’, मग ‘रिसेट धिस पीसी’. तिथे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. इथेच बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबून मोकळे होतात. तसं करू नका. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा आणि ‘क्लीन डेटा’ चालू करा, कारण मुळात तो बंद असतो आणि बंद असला की जुन्या फाइलींच्या जागा मुद्दाम पुसल्या जात नाहीत. डी ड्राइव्ह असेल तर सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल काढण्याचा पर्यायही तिथेच आहे. तो राहिला तर सी स्वच्छ होतो आणि तुमची कागदपत्रं डीमध्ये तशीच बसून राहतात. कित्येक तास लागतील, मध्येच बंद करू नका. साध्या हार्ड डिस्कला एकदा पुसणं पुरतं, पस्तीस वेळा पुसायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. (एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क असती, तर मी ती बनवणाऱ्या कंपनीचं ‘सिक्युअर इरेज’ हे पुसण्याचं साधन वापरायला सांगितलं असतं.)

सीडीची काळजी सोडा. विंडोज याच प्रक्रियेत परत बसतं, आणि त्याचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने इंटरनेट मिळालं की आपोआप चालू होतं. रिसेट अर्ध्यात अडकलाच, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करता येतं.

लॅपटॉप गेल्यावर तुमच्या मायक्रोसॉफ्ट आणि गुगल खात्यांतल्या उपकरणांच्या यादीतून तो काढा. व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधूनही. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपमधल्याच प्रोग्रामला) पासवर्ड घातला असेल तर लॅपटॉप देण्यापूर्वीच तो काढा, रिसेटने तो जात नाही.

आणि त्या मुलीला एक गोष्ट आधीच सांगा : विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१६ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालेल का, ते तिला ठरवू द्या. रिसेटनंतर देश निवडायचा पडदा आला की पुढे जाऊ नका, पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद करा आणि तसाच तिच्या हाती द्या.