टाळ्या नेमक्या कशासाठी?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली अकरा वर्षे भरतनाट्यमचा वर्ग चालवते. यंदा व्हीलचेअर वापरणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीला मी प्रवेश दिला. ‘अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, पायांनी करायच्या असतात, मग तिला शिकवणार काय?’ असे काही पालक विचारतात. वार्षिक कार्यक्रमाच्या आयोजकांना मात्र तिचे नृत्य सर्वांत शेवटी, तिच्या आजारपणाची कहाणी सांगून सादर करायचे आहे. मला दोन्ही गोष्टी खटकतात. काय करावे?
– एक नृत्यशिक्षिका

उत्तर : ताई, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. ती नाचू शकणार नाही असे पालकांना वाटते आणि ती कशी नाचते याच्याशी आयोजकांना कर्तव्य नाही. धडधाकट शरीर हेच नृत्याचे माप, हे दोघांनीही धरूनच ठेवले आहे.

अशा वेळी आपल्याकडे नर्तिका सुधा चंद्रन यांचे नाव हमखास घेतले जाते. १९८१ मध्ये तमिळनाडूत झालेल्या बस अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि १९८४ मध्ये जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांची जिद्द मोठीच, परंतु ही गोष्ट सांगताना आपण त्या पायाविषयी फारसे बोलत नाही. परदेशी धाटणीचे कृत्रिम पाऊल बुटात घालून वापरण्यासाठी बनवलेले असे. जयपूर फूट रबराचे, अनवाणी चालता येईल आणि उकिडवे बसता येईल असे घडवलेले होते, आणि अनवाणी पायांनी, अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे वाकवून करायच्या नृत्यात या फरकाला फार महत्त्व आहे. त्याच सुधा चंद्रन यांना २०२१ मध्ये, विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो म्हणून पंतप्रधानांना जाहीर विनंती करावी लागली. चार दशकांच्या टाळ्यांनी एवढीही सोय झाली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्या विद्यार्थिनीला तर खुर्चीसहच नाचायचे आहे. लंडनच्या सेलेस्ट डँडेकर व्यावसायिक नर्तिका होत्या. १९७३ मध्ये प्रयोग सुरू असताना पडून त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि त्या व्हीलचेअर वापरू लागल्या. १९९१ मध्ये त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था स्थापन केली, जिथे अपंग आणि अपंगत्व नसलेले नर्तक एकत्र काम करतात. आपल्याकडे दिल्लीत सय्यद सलाउद्दीन पाशा यांनी व्हीलचेअरवरील भरतनाट्यम रंगमंचावर आणले. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम अपंग व्यक्तींना सहभागी होता येईल असे बदलण्याविषयी बोलते, हेही पालकांना जरूर सांगा.

आता शिकवायचे काय, ते माझ्या अनुभवातून सांगते. माझ्या वर्गात व्हीलचेअरवर शिकलेल्या मुलीची पहिली अडचण पायांची नव्हती, हातांची होती. चाक ढकलायचे त्याच हातांनी आणि मुद्राही त्याच हातांनी. पुष्कळ खटपटीनंतर आम्ही ‘तकिट’ हे तालाचे बोल असे बांधले, की ‘त’वर चाकाला जोर द्यायचा आणि ‘किट’ म्हणेपर्यंत पुढे सरकत्या खुर्चीत अलपद्म, म्हणजे उमललेल्या कमळाची मुद्रा, उमलवायचे. खुर्चीची ती संथ सरक आमच्या पायांना कधीच साधणार नाही, आणि ते पाहिल्यावर मी इतर मुलींच्या रचनेतही बदल केले. पहिले चार महिने मात्र मी तिची एकही चूक दाखवली नाही. शेवटी तिनेच विचारले, ‘‘बाई, बाकीच्यांना ओरडता, मला का नाही?’’ त्या दिवसापासून तिची मुद्रा उशिरा पडली की मी थांबवू लागले. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात करा.

आयोजकांना स्पष्ट सांगा, की तिचे नृत्य कार्यक्रमाच्या मध्यावर, शक्यतो इतर मुलींसह होईल, आणि निवेदनात सर्वांप्रमाणे नाव, रचना, राग व ताल एवढेच येईल. आजारपण सांगायचे की नाही, हे ती आणि तिचे आईवडील ठरवतील. मंचावर जाड जाजम नको, कारण त्यात चाके रुततात. तिला चौघांनी उचलून वर नेण्याची वेळही येऊ देऊ नका. उताराचे सर्वमान्य प्रमाण एका फुटाच्या उंचीला बारा फूट असे आहे, म्हणजे तीन फुटी मंचाला छत्तीस फूट उतार हवा. मांडववाल्याला आजच कळवा.