डॉक्टर झोपला होता, तरी भाग आवडला

तुमचे प्रश्न : विज्ञानमालिकेचे नाताळ विशेष भाग

या वेळची बरीचशी पत्रं 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेच्या नाताळ भागांवर आहेत. मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली. नायक परग्रहावरचा आहे. टार्डिस नावाच्या निळ्या पोलीस-पेटीतून तो काळात आणि अवकाशात हिंडतो. नट बदलायचा झाला की डॉक्टर मरता मरता नवं शरीर घेतो. एवढं माहीत असलं तर मालिका न पाहिलेल्यांनाही पुढचं वाचता येईल.

प्रश्न : 2005 चा नाताळ भाग आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. मुलाने मालिकेची पारायणं केली आहेत. तो म्हणतो, भाग फसला, डॉक्टर निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात पडलेला. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच 'डॉक्टर हू' पाहिलं आणि त्यांना भाग फार आवडला. खरं कोणाचं? (मुलुंड)

आमचं मत सासूबाईंच्या बाजूने, पण मुलगाही चुकीचं पाहत नाहीये.

दिवाळी अंक आठवून बघा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे एक गोष्ट ठरून गेली आहे : वर्षभर मासिकाचं तोंड न पाहणारं घरसुद्धा दिवाळी अंक विकत घेतं. म्हणून कुठलाही शहाणा संपादक त्यात चालू कादंबरीचं सातवं प्रकरण छापत नाही. 25 डिसेंबरच्या संध्याकाळी ब्रिटनमधल्या घरात टीव्हीसमोर हेच घडतं. आजी असते, पाहुणे असतात, अर्धे लोक जेवून सुस्तावलेले असतात आणि मालिकेचा भक्त असतो एखादाच. भाग उरलेल्यांना धरून लिहिलेला असतो.

2005 मध्ये पेच असा होता की क्रिस्टोफर एकल्स्टनने तेरा भाग करून मालिका सोडली होती आणि डेव्हिड टेनंट नवा होता. तो आल्या आल्या बोलत सुटला असता, तर प्रेक्षक मिनिटामिनिटाला जुन्याशी तुलना करत बसले असते. लेखक रसेल टी. डेव्हिसने त्याला, डॉक्टरबरोबर हिंडणाऱ्या रोझ या मुलीच्या आईच्या फ्लॅटमध्ये झोपवून टाकलं. मग पृथ्वीवर संकट येतं आणि डॉक्टर कधी उठतो याची वाट रोझबरोबर आपणही बघू लागतो.

तो उठतो ते दृश्य पुन्हा एकदा लावा. थर्मासमधला चहा टार्डिसच्या जाळीतून खालच्या यंत्रावर ठिबकतो, वाफ उठते आणि ती डॉक्टरच्या नाकात जाते. तिकडे परग्रहवासी सिकोरॅक्सांचा म्होरक्या आपल्या भाषेत गुरगुरत असतो आणि एक माणूस हातातल्या यंत्रावर भाषांतर वाचून दाखवत असतो. एकाएकी म्होरक्याचं बोलणं सरळ इंग्रजीत ऐकू येऊ लागतं. भाषांतर टार्डिस करते, पण डॉक्टर शुद्धीवर असेल तरच, हे रोझने आधी सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे गडी उठला! सगळ्यांच्या माना दाराकडे वळतात. हे कळायला मागचा एकही भाग पाहिलेला असावा लागत नाही, आणि सासूबाईंना गंमत आली ती इथेच.

मुलाच्या तक्रारीला जागा आहे ती दुसरीकडे. तलवारीच्या लढाईत डॉक्टरचा पंजा तुटतो आणि लगेच नवा उगवतो. कारण काय, तर शरीर बदलून पंधरा तास झालेले नाहीत. हा नियम तिथल्या तिथे काढलेला आहे आणि नाताळ आहे म्हणून खपून जातो. शेवटी मात्र लेखक नाताळ पार विसरतो. परत निघालेलं जहाज पंतप्रधान हॅरिएट जोन्स उडवून देतात आणि डॉक्टर त्यांचं सरकार सहा शब्दांत खाली खेचतो : 'त्या दमलेल्या दिसतात, नाही?' अशा अर्थाचे ते सहा शब्द. सणाच्या दिवशी हे कडू लागतं, पण आमच्या मते भागातलं सर्वांत सरस दृश्य हेच.

प्रश्न : 2023 च्या नाताळ भागाला एका बातमीत 47 लाख प्रेक्षक आणि दुसरीत 75 लाख. मधले 28 लाख कुठून आले? (दादर)

दोन्ही आकडे खरे आहेत. 'द चर्च ऑन रुबी रोड' हा भाग त्याच रात्री ज्यांनी पाहिला त्यांचा अंदाज साधारण 47 लाख. पुढच्या सात दिवसांत रेकॉर्ड करून किंवा मागणीनुसार पाहिलेले धरले की बेरीज 75 लाखांच्या आसपास जाते. ब्रिटनमध्ये हे मोजमाप बार्ब ही संस्था नमुना घरांमध्ये यंत्रं बसवून करते. आपल्याकडे बार्क करते तसंच.

गफलत होते ती जुन्या भागांशी तुलना करताना. 2007 च्या 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'चा रातोरातचा आकडा 1 कोटी 22 लाख होता आणि अंतिम 1 कोटी 33 लाख. म्हणजे आठवड्यात भर पडली ती दहा टक्क्यांच्या आत. 2023 मध्ये तोच आकडा दीडपटीहून जास्त झाला, कारण त्याच वेळी टीव्हीसमोर बसण्याची सवयच गेली आहे. रातोरातच्या आकड्यावरून 'मालिका बुडाली' असं कुणी लिहिलं, तर त्याला सात दिवसांचा आकडा विचारा. तो धरूनही प्रेक्षक निम्म्याच्या जवळ आले आहेत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आणि आपण मुंबईत बसून पाहिलं ते या दोन्ही आकड्यांत नाही.

किती जणांनी पाहिलं यावरून किती आवडलं हे कळत नाही. त्यासाठी पसंती निर्देशांक असतो : निवडलेले प्रेक्षक दहापैकी गुण देतात आणि सरासरीला दहाने गुणून शंभरपैकी आकडा काढतात. इंटरनेटवर तारे देऊन गुण देतात, त्याचं तसं नाही. तिथे ज्याला वाटेल तो मत देतो, आणि वाटतं ते रागावलेल्यांना नाहीतर हरखलेल्यांना. म्हणून सरासरी बघण्याआधी मतांची विभागणी उघडा. एक आणि दहा हे दोन्ही खांब उंच असतील आणि मधले बुटके, तर त्या सरासरीवरून काहीच ठरवू नका.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती कुटुंब. 2024 च्या 'जॉय टू द वर्ल्ड'मध्ये बेथलेहेमचा तारा म्हणजे शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपनीचा माल निघतो. आजोबा उठून गेले, मुलींच्या डोळ्यांत पाणी. शिवाय तो माल ठेवलेल्या पेटीच्या कुलपाचा आकडा डॉक्टरला त्याचाच भविष्यातला अवतार सांगतो, तर तो मुळात शोधला कोणी? (गोराई)

आधी कुलूप. तो आकडा कोणीच शोधलेला नाही. भविष्यातला डॉक्टर सांगतो, कारण एक वर्षापूर्वी त्यालाही सांगितला गेला होता. सापाने शेपूट गिळावी तसं ते वर्तुळ आहे आणि भागातच तसं बोलून दाखवलं आहे, म्हणजे लेखक स्टीव्हन मॉफटची ती नजरचूक नाही. या युक्तीचा त्याला सोस आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता तारा. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, ताऱ्यामागे येतात. तो तारा म्हणजे नेमकं काय, यावर खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही विचार केला होता. इसवी सनापूर्वी 7 मध्ये गुरू आणि शनी यांची तीनदा युती झाली होती. तेव्हा ताऱ्याला कारण शोधणं नवं नाही. पण कारण शोधणं वेगळं आणि त्याला कंपनीच्या हिशेबात बसवणं वेगळं. आजोबांना खटकलं ते समजण्यासारखं आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. कथेत मात्र तो तारा कंपनीच्या हाती राहत नाही. भागाची नायिका जॉय त्यात स्वतःला मिसळून टाकते. तिची आई कोविडच्या नाताळात इस्पितळात एकटी गेलेली असते, आणि त्या खिडकीतून दिसणारा उजेड जॉयचा असतो. मुली रडल्या त्या यासाठी.

आमच्या मते भागाचं दुखणं श्रद्धेत नाही, हिशेबात आहे. सुरुवात झकास आहे. हॉटेलच्या खोलीत एक जास्तीचं, कायम कुलूपबंद दार असतं ना? ते इसवी सन 4202 मधल्या काळ-हॉटेलचं निघतं, म्हणजे ज्याची दारं वेगवेगळ्या काळांत उघडतात अशा हॉटेलचं. मग जॉय पडद्याआड जाते, डॉक्टर लंडनच्या एका साध्या हॉटेलात वर्षभर अडकतो, पडेल ती दुरुस्तीची कामं करतो आणि तिथल्या व्यवस्थापिका अनिताशी त्याची मैत्री जमते. हा तुकडा इतका जिवंत आहे की आपला जीव अनितात गुंततो. तेवढ्यात भाग जॉयकडे वळतो आणि तिच्यासाठी रडायला सांगतो. ज्यांना आईचा प्रसंग स्वतःच्या घरातला वाटला ते रडले, बाकीचे कोरडे राहिले. या भागावरची मतं दोन टोकांना गेली त्याचं मोठं कारण आम्हाला हेच दिसतं.

इतक्या जवळ तारा पेटला तर पृथ्वी भाजून निघेल, हे लिहिणाऱ्या पाच वाचकांना एकच उत्तर : हो.

प्रश्न : 2026 च्या नाताळात विशेष भाग येणार आहे असं बीबीसीने जाहीर केलं आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये तीस-चाळीस जणांना दाखवायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (बोरिवली)

आधी परवानगी. स्ट्रीमिंग ॲपच्या घरगुती वर्गणीच्या अटींमध्ये प्रेक्षक म्हणजे तुमचं घर. हॉलमध्ये फुकट दाखवलं तरी ते त्यात बसत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना पत्र लिहा. उत्तर आलं नाही तर तीन-चार घरांत वाटून बसा. दहा-बारा जणांना मोठा टीव्ही पुरतो आणि मतंही मोकळेपणाने येतात.

मग वेळ. डिसेंबरात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. 2023 चा भाग तिथे 5.55 ला लागला, म्हणजे आपल्याकडे रात्री 11.25. 2024 चा 5.10 ला, म्हणजे 10.40. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक सहसा चालत नाही, तेव्हा गच्ची विसरा. बंद हॉलमध्ये आतल्यापुरता आवाज चालतो, पण निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि खिडक्या उघड्या ठेवल्यात तर शेजारची इमारत फोन करणारच. मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लावा. फक्त तोवर सोसायटीच्या ग्रुपवर कोणी शेवट फोडणार नाही, एवढं आदल्या दिवशी बजावून ठेवा.

यंत्रांचं म्हणाल तर बिघडतं ते नेहमी याच ठिकाणी :

लॅपटॉप जुन्या अडॅप्टरने प्रोजेक्टरला जोडला की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. ते कॉपी-संरक्षण आहे, बिघाड नाही. सरळ एचडीएमआय वायर लावा.

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे पडतो. ऑक्स वायर घ्या, दीडशे रुपयांचं काम.

संगीत मोठं आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर ॲपमध्ये किंवा टीव्हीत आवाज 5.1 वर, म्हणजे सहा स्पीकरांच्या मांडणीवर, राहिलेला असतो. संवाद मधल्या वाहिनीतून जातात आणि तुमच्याकडे स्पीकर दोनच. सेटिंग 'स्टिरिओ' करा. इंग्रजी उपशीर्षकं लावाच. स्कॉटिश आणि वेल्श उच्चारांत निम्मे विनोद वाया जातात.

टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग', म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. ती चालू असली की लाखोंचा सेट नाटकाच्या नेपथ्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात, 'स्वस्तात उरकलंय.'

इंटरनेटला एचडीसाठी 5 एमबीपीएस पुरतात, पण चाचणी आदल्या रात्री त्याच वेळी घ्या. दुपारी सगळं सुरळीत चालतं.

प्रश्न : घरच्यांना सुरुवात कुठल्या नाताळ भागापासून करून द्यावी? (गिरगाव)

2006 चा 'द रनअवे ब्राइड'. लग्नाच्या वेदीकडे चाललेली डोना नवरीच्या पोशाखात अदृश्य होते आणि थेट टार्डिसमध्ये उगवते. लग्नघरातली फजिती कुणालाही कळते. आदल्या वर्षी चहाने डॉक्टरला वाचवलेलं असतं, इथे होणारा नवरा ऑफिसात रोज प्रेमाने कॉफी आणून देतो आणि त्यातूनच घात करतो. दुसरा, 2010 चा 'अ ख्रिसमस कॅरोल'. मागचं काही ठाऊक नसलं तरी चालतं. 2015 चा 'द हजबंड्स ऑफ रिव्हर साँग' मात्र आधी दाखवू नका. त्यातल्या ग्रहावर एक रात्र 24 वर्षांची असते, आणि त्या रात्रीचं मोल डॉक्टरची बायको रिव्हर हिचं 2008 मधलं मरण पाहिलेल्यालाच कळतं. 2013 आणि 2017 हे निरोपाचे भाग, ते सर्वांत शेवटी.

प्रश्न : पहिला नाताळ भाग 1965 चा म्हणतात. तो कुठेच मिळत नाही. (माहीम)

मिळणार नाही. 25 डिसेंबर 1965 चा 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' हा बारा भागांच्या एका लांब कथेतला सातवा भाग. मधेच विनोदी, कथेशी फारसा संबंध नसलेला. टेप महाग असत म्हणून बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरत असे. परदेशी विकायला फिल्मवर काढलेल्या प्रतींमुळे बरेच जुने भाग वाचले, पण नाताळचा भाग इतर देशांना विकायला ठेवलाच नाही, त्यामुळे ती वाटही बंद. ध्वनिमुद्रण तेवढं आहे, तेही घरोघरी टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. त्यात शेवटी विल्यम हार्टनेलचा डॉक्टर ग्लास उंचावून घरी बसलेल्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा देतो. तो थेट कॅमेऱ्याकडे वळला होता, हे आता फक्त आवाजावरून समजून घ्यायचं.