सणाचं जेवण आणि घरातले ज्येष्ठ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात. मीठ कमी केलं की सणाचं जेवण त्यांना पाणचट लागतं. कमी सोडिअमचं मीठ वापरू का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्या मिठात सोडिअम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशिअम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टनमुळे पोटॅशिअम लघवीवाटे बाहेर पडणं कमी होतं. त्यात मूत्रपिंडं कमजोर असली तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधंच मीठ वापरा, पण कमी आणि योग्य वेळी.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे जेमतेम एक सपाट लहान चमचा. सणाला ती ओलांडली जाते ती बेरजेत : लोणची, खारवलेले पदार्थ, तयार मसाले. सोड्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. चमचाभर खाण्याच्या सोड्यात १,२०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडिअम असतं आणि दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे.

आता चवीचं. वयाबरोबर जिभेपेक्षा नाक जास्त मंदावतं, म्हणून मिठाची उणीव वासाने भरून काढायची. मसाले अख्खे आणून त्याच दिवशी भाजून कुटा. फोडणी पदार्थ उतरवताना वरून द्या. नेहमीच्या निम्मं मीठ मोजून बाजूला काढा. त्यातलं बरंचसं शिजवताना घाला आणि उरलेलं वाढताना वरून भुरभुरा. वरचं मीठ जिभेला थेट लागतं, त्यामुळे थोडंही पुरतं. लिंबू पिळल्यावर खारटपणा अधिक जाणवतो, पण ते गॅस बंद केल्यावरच पिळा. डाळ शिजण्याआधी आंबट पडलं तर दाणा कडक राहतो आणि तो ज्येष्ठांना चावत नाही. जास्त पडलेलं मीठ कच्चा बटाटा ‘ओढून घेतो’ हा समज चुकीचा आहे. बटाटा खारट पाणी शोषतो, उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, इन्सुलिनवर आहेत. सणाला सगळे जमून पंगत बसेपर्यंत अडीच वाजतात. त्यांचं गोड पूर्ण बंद ठेवावं का?

उत्तर : गोडाआधी घड्याळ सांभाळा. नेहमी साडेबाराला जेवणाऱ्याला अडीचपर्यंत थांबवलं तर सकाळच्या इन्सुलिनने साखर धोकादायक खाली येऊ शकते. या वयात घाम, थरथर दिसेलच असं नाही. कधी फक्त गुंगी येते किंवा बोलणं असंबद्ध होतं. साखर ७० च्या खाली आली तर तीन लहान चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. त्यांचं ताट नेहमीच्या वेळेलाच वाढा. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन ताट समोर आल्यावरच द्या. पंगतीला ते गोडाची वाटी घेऊन सगळ्यांबरोबर बसतील; आपल्याला वगळलं असं त्यांना वाटता कामा नये.

त्या वाटीचा हिशेब असा : एक लिटर दूध, ५० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम साखर, आटवून पाऊण लिटर. त्यातली ७५ मिलिलिटर खीर म्हणजे दुधातली साखर आणि तांदूळ धरून सुमारे १४ ग्रॅम कर्बोदकं. तेवढ्यासाठी जेवणातला ५० ग्रॅम शिजलेला भात कमी करा. खीर पंगतीला उशिरा मिळणार असली तरी दुपारच्या ताटातला भात आधीच काढायचा का, हे इन्सुलिनच्या मात्रेसह डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तांदूळ बोटाने चिरडला जाईल इतका शिजल्यावरच साखर घाला, आधी घातली तर दाणा मऊ होत नाही. गूळ घातल्याने काही वाचत नाही. जेवणानंतर ज्येष्ठांचा रक्तदाब उतरतो, भातासारख्या पिष्टमय पदार्थांनी भरलेल्या मोठ्या ताटानंतर तर जास्तच. तासभर बसू द्या आणि उठताना कुणीतरी जवळ राहा.

प्रश्न : आईला पक्षाघातानंतर ठसका लागतो. सणाचे पदार्थ मिक्सरमधून काढले, पण बटाट्याचा चिकट गोळा झाला.

उत्तर : मिक्सरच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटून पिष्ट बाहेर येतं, म्हणून गोंदासारखं होतं. बटाटा गरम असतानाच चाळणीतून दाबून काढा आणि कोमट दूध घालून सैल करा. पण ठसका लागत असेल तर घास किती मऊ आणि पेय किती दाट हवं, हे गिळण्याच्या तपासणीनंतर तज्ज्ञांनीच ठरवायचं असतं. तोवर चिकट, भुसभुशीत आणि पातळ रश्शात तुकडे असलेले पदार्थ टाळा. शेवटचा प्रकार फसवा आहे : तुकडा चावेपर्यंत रस्सा आधीच श्वासनलिकेकडे घसरतो. ताठ बसवूनच भरवा आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. खाल्ल्यावर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येऊ लागला तर ठसका नसला तरी थांबा.

प्रश्न : उरलेला भात ज्येष्ठांना द्यावा का?

उत्तर : दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवला असेल, तर दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून द्या. दुपारभर ओट्यावर राहिलेला देऊ नका. त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सिरिअस जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.