प्रश्न: ‘स्ट्राँग सीपी’च्या कोड्यावर ॲक्सिऑन (एक कल्पित कण) सोडून दुसरा उपाय आहे का? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, खानापूर)

आहे, आणि त्यातला सगळ्यात दमदार म्हणजे १९८४ चा नेल्सन-बार मार्ग (ॲन नेल्सन आणि स्टीफन बार या भौतिकशास्त्रज्ञांचा). बेळगावात पदव्युत्तर वर्गाला मी हेच शिकवते. प्रबळ बल म्हणजे क्वार्कांना (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या घटकांना) बांधणारं बल. त्याच्या समीकरणात थीटा हा कोन कितीही असू शकतो; तो शून्य नसेल तर सीपी सममिती (कण-प्रतिकणांची अदलाबदल करून आरशात पाहिलं तरी नियम तेच राहणं) मोडते. पण तो मोठा असता तर न्यूट्रॉनचा विद्युत द्विध्रुव (आतल्या धन-ऋण प्रभारांची किंचित फारकत) दिसला असता. २०२० च्या मोजणीतही तो सापडला नाही, म्हणून थीटा दहा अब्जांत एक भागाहूनही कमी. इतका कमी का, हेच कोडं. पेचेई आणि क्विन हे भौतिकशास्त्रज्ञ (१९७७) थीटालाच क्षेत्र मानतात. ते घरंगळत शून्यावर येतं आणि त्याचा कण म्हणजे ॲक्सिऑन. नेल्सन-बार मात्र सीपी ही मूळची सममिती धरतात. ती आपोआप मोडते, ही मोड क्वार्कांच्या मिश्रणात (एका प्रकारच्या क्वार्कचं दुसऱ्यात बदलणं) उतरते, थीटा तेवढा शून्य राहतो. मला ही रचना फार देखणी वाटते. अप क्वार्क वस्तुमानरहित असता तर थीटाचा परिणामच उरला नसता; ही तिसरी वाट लॅटिस गणितांनी (अवकाश-काळाची जाळी मांडून संगणकावर केलेल्या) बंद केली. एक लक्षात ठेवा: नेल्सन-बारमध्ये क्वांटम दुरुस्त्यांमुळे थीटा पुन्हा डोकं वर काढतो, त्यामुळे या मार्गात लागणाऱ्या नव्या जड क्वार्कांची जोडणी फार जपून करावी लागते.