परवान्याच्या अर्जाबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच आहे. सरपंच म्हणून तू वाळूचे हायवा डंपर अडवल्यापासून तुला धमक्या येताहेत, मंगळवारी रात्री फाट्यापासून दोन मोटारसायकली तुझ्या मागे लागल्या, आणि आता तू पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज भरून ठेवला आहेस. मी साहेबांच्या कानावर घालावं, एवढंच तुझं मागणं. ते मी करणार नाही. फोनवर नुसतं नाही म्हणालो असतो तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझी भीती खरी आहे. वाळूवाल्यांनी आपल्या राज्यात तलाठ्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घातलेले आहेत, सरपंचाची काय कथा. तू घाबरून अर्ज केलास असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझी एकतीस वर्षं पोलिसात गेली, त्यातली नऊ शस्त्रागारात. पिस्तूल जवळ असलेला माणूस हल्ल्याच्या वेळी काय करू शकतो, हे मी जवळून पाहिलंय.

मैदानावर आम्ही नव्या पोरांना एक गंमत करायला लावायचो. एकाच्या कमरेला रिकामं पिस्तूल, बटण लावलेल्या म्यानात. दुसऱ्याच्या हातात चाकूऐवजी खडू. मध्ये सात-आठ पावलांचं अंतर. शिट्टी झाली की खडूवाल्याने धावायचं. पिस्तूलवाल्याला पुढून कोण येणार, कधी येणार, सगळं ठाऊक असायचं. तरीही बहुतेक वेळा त्याचा अंगठा अजून बटणाशी झटत असायचा आणि खाकी शर्टावर पोटापासून छातीपर्यंत पांढरी रेघ उठलेली असायची. पोरं हसायची. पहिल्यांदा मीही हसलो होतो, नंतर हसू आलं नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये हेच मोजून मांडलं होतं: २१ फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तू तर तेव्हा गाडीवर असशील, दोन्ही हात हँडलला, नाहीतर टपरीवर चहाचा ग्लास धरून. शिट्टीही वाजणार नाही. वेळ आणि जागा मारणारा ठरवतो. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकींची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता.

शस्त्राचा उपयोग कधीच होत नाही, असं म्हणालो तर खोटं ठरेल. रानातल्या एका वस्तीवर दरोडा पडला होता. कुत्री भुंकली, म्हातारा जागा झाला, त्याने माडीवरून बारा बोअरच्या बंदुकीचा एक बार हवेत काढला आणि चोर उसातून पळाले. मी स्वतः पंचनामा केलाय. पण तिथे कुत्र्यांनी आधी सांगितलं होतं, मध्ये अंगण होतं, दार बंद होतं. त्या म्हाताऱ्याला वेळ मिळाला. तुझ्यावरचा धोका रस्त्यावरचा आहे, तिथे यातलं काहीच नाही.

बाकी परवान्याची जी हत्यारं मी मुद्देमाल म्हणून जमा होताना पाहिली, ती चोरावर चाललेली नव्हती. कुठे भावकीतला बांधाचा वाद, कुठे वरातीत दारूच्या भरात काढलेला बार. एका घरातलं पिस्तूल तर बारावीच्या पोराने बापाच्या कपाटातून घेतलं होतं. त्या घराबद्दल मी आजही कुणाशी बोलत नाही. तुझ्या घरी चार वर्षांची लेक आहे. उशाखाली ठेवलंस तर तिचा हात पोचेल, कुलपात ठेवलंस तर तुझाही पोचणार नाही. अभिनेता गोविंदाचं तू वाचलंच असशील: १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं आणि गोळी पायात गेली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. संरक्षणासाठीच घेतलेलं.

अमेरिकेत लोक सर्रास बाळगतात, असं तू म्हणालास. तिथलंच सांगतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या २००४ ते २०१६ या काळातल्या नोंदी तपासल्या. स्वतःकडे पिस्तूल नाही, पण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे आहे, अशा माणसांचा खून होण्याचं प्रमाण बिनपिस्तुलाच्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं तर सातपट. तुझ्या घरात ती दुसरी माणसं म्हणजे सूनबाई आणि लेक. तू तसा नाहीस, मला माहीत आहे. पण चार महिने धड झोप न झालेला कुठलाही माणूस कसा होतो, हेही मला माहीत आहे.

आणखी एक, जे अर्ज करताना कुणाच्या लक्षात येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची बहुतेक शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात. गावातलं वातावरण सगळ्यात तापलेलं असतं तेव्हा तुझं पिस्तूल आमच्या शस्त्रागारात चिठ्ठी लावून पडलेलं असेल. गोळी चाललीच, तर स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही, पोलिसांकडे जायला वेळच नव्हता, हे कोर्टात पटवून देता देता वर्षं जातील, आणि तेवढी वर्षं नदी वाळूवाल्यांच्या ताब्यात असेल.

मग करायचं काय? आज हा सगळा वाद तुझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. तू बाजूला झालास की हायवा सुरू, असा त्यांचा हिशेब आहे. तो हिशेब मोड. ग्रामसभा बोलाव, वाळूउपशाविरुद्ध ठराव घे, खाली शंभर सह्या येऊ देत. प्रत तहसीलदारांना, प्रांतांना, पोलीस अधीक्षकांना, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घे. धमकीची तक्रार तोंडी नको, लेखी दे. नंबर, तारीख, वेळ, कॉलचं रेकॉर्डिंग, सगळं जोड. समोरच्यांवर चॅप्टर केस करा, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी त्यांच्याकडून घ्या, अशी मागणी त्यातच लिही. ठाण्यात घेत नसतील तर मी सोबत येतो, अजून ओळखी आहेत, आणि त्या मी अशा कामासाठी वापरीन. रात्री फाट्यावरून एकट्याने यायचं बंद. रोज एकाच वेळी एकाच टपरीवर बसायचं बंद. ११२ नंबर सूनबाईच्याही फोनवर पहिल्या पानावर ठेव.

रविवारी घरी ये. तो भरलेला अर्ज घेऊन ये, मागची बाजू कोरी असेल, तिच्यावर तक्रारीचा मसुदा करू. काकूने पुरणपोळीचा बेत केलाय, तेव्हा सूनबाईला आणि लेकीला आण. दुपारीच निघा, म्हणजे उजेडात घरी पोचाल. आणि गाडीवर नको, उपसरपंचांची जीप माग, त्यांनाही बरोबर घे.

तुझा,
काका