तक्रार न करणाऱ्याकडे जा

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. मुंबईतल्या टोळ्या आज पूर्वीइतक्या बलवान आहेत का, या प्रश्नावर एक निवृत्त पोलीस अधिकारी ‘संपल्या’ म्हणाले, परळचे एक गृहस्थ ‘छे’ म्हणाले, आणि तू गोळीबारांचा आलेख काढून मोकळा झालास. तो आलेख खोटा नाही. पण ज्याने तक्रार केली नाही, त्याच्याकडे तू गेलास का?

नव्वदच्या दशकात गोळ्या सुटत होत्या, कारण वर्चस्व कोणाचे हे ठरायचे होते. १९८२च्या गिरणी संपाने चुली विझलेल्या घरांतली पोरे टोळ्यांना आयती मिळाली. १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात शिरून गोळीबार झाला. १९९७ मध्ये गुलशन कुमार यांना अंधेरीत भरदिवसा मारले. सोन्याची आयात खुली होत गेली तसा तस्करीतला नफा आटला. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, मोक्का आला, ज्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो आणि जामीन मिळणे अवघड होते. २०१२ मध्ये टोळीप्रमुख अरुण गवळीला नगरसेवकाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली, २०१५ मध्ये दुसरा टोळीप्रमुख छोटा राजन याला बालीहून आणले. शूटर पोसणारी आणि तुरुंगातल्यांच्या घरी पैसे पोचवणारी ती जुनी यंत्रणा मोडली आहे, हे मला मान्य आहे. २०२४ मधल्या बाबा सिद्दिकी यांच्या खुनावरून ‘टोळीयुद्ध परतले’ असे तू लिहिलेस, तेही उतावळेपणाचे आहे. पोलिसांनी त्यात ज्या बिष्णोई टोळीचे नाव घेतले, ती उत्तरेकडची आहे, आपल्या चाळींत वाढलेली नाही.

पण यंत्रणा मोडली म्हणून धाकही गेला, हे कशावरून? धाक पुरेनासा झाला की घोडा, म्हणजे पिस्तूल, काढावा लागतो. जिथे नुसता निरोप पुरतो, तिथे मांडवली होते आणि पोलीस ठाण्याच्या वहीत एक ओळही उमटत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, तक्रार न करणाऱ्याकडे जा.

१९९८ मध्ये लालबागच्या एका धान्य दुकानदाराकडे मी गेलो होतो. तराजूच्या पाच किलोच्या वजनाखाली एक पाकीट ठेवलेले होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, “चहा घ्या साहेब, पण वही खिशात ठेवा.” मी वही ठेवली, चहा घेतला, आणि संध्याकाळी एका चकमकीची बातमी लिहिली. वर्षअखेरीच्या आढाव्यात मी त्या भागात खंडणी घटल्याचे लिहिले, कारण तक्रारी घटल्या होत्या. मी घाबरलो नव्हतो. गुन्हा नोंदणी क्रमांकाशिवाय बातमी लागत नसे, आणि त्या माणसाचे नाव छापून त्याला मरणाच्या दारात उभे करण्याचा मला अधिकार नव्हता. हे मी आजही ठामपणे म्हणेन. पण आढाव्यातले ते वाक्य लिहिण्याची सक्ती मला कोणी केली नव्हती.

तुझ्यावर रोजच्या बातमीचे ओझे नाही, तरी तूही आकड्यांपाशीच थांबतोस, याचा मला राग येतो. त्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. चाळीच्या पुनर्विकासाला रहिवाशांच्या संमत्या कशा मिळाल्या, एवढेच त्याला विचार. पहिल्या भेटीत वही काढू नकोस. दोन-तीनदा नुसते धान्य घेऊन ये.